शटर कुणी रंगवलं?

श्री,

तुझ्या फ्यूनरलला तुला तीनदा 'पॅशनेट' म्हणण्यात आलं. आधी तुमच्या हेडटीचरनी, मग तुमची शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या एका बाईंनी, ज्या तुला बहुधा एकदाच आणि तेही चुकून भेटल्या असाव्यात, आणि शेवटी आमच्या डीननी. तिसऱ्या वेळी तुझ्या उज्ज्वलानं पहिल्या रांगेतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डावी भुवई उचलली. ती भुवई तुझी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं ती कधी घेतली, ते मला कळलं नव्हतं.

तू असतास तर म्हणाला असतास, "पॅशनेट काहून? मी तर नुसता वेळेवर येत होतो."

मला एका जागी बसवत नाहीये. चहा करते आणि विसरते. ट्रेनींचे निबंध तपासायला घेते, दोन पानं वाचते, उठते, खिडकीपाशी जाते, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडकडे जाणारी बस बघते, परत येते. दुःख झालं की माणूस शांत होतो अशी माझी समजूत होती. मी शांत वगैरे काही झालेली नाही. मी तुझ्याशी भांडते आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, त्यात आता मी एकटीच बोलते, आणि तरी हरते.

आपलं काम बाहेरच्या कुणाला सांगायचं तर मी म्हणायचे, "आम्ही दोघं मिळून शिक्षक बनवतो." तू म्हणायचास, "ही बनवते, मी दुरुस्त करतो." पदवी घेतलेली तरुण मुलं वर्षभराच्या ट्रेनिंगला येतात, माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल-सिटिझनशिप शिकवायला निघालेली. थोडे दिवस माझ्याकडे युनिव्हर्सिटीत, बाकीचे तुझ्यासारख्या मेंटॉरच्या हाताखाली शाळेत. माझ्या मॉड्यूलचं नाव 'विविधतापूर्ण वर्गांतील समावेशक अध्यापन'. हे नाव एका कमिटीनं ठरवलं आणि मी त्या कमिटीत होते. तू त्याला 'तुझं ते लांब नाव' म्हणायचास. तुझ्या वर्गात ती विविधता पहिल्या बेललाच धक्काबुक्की करत आत यायची, आणि तिच्यातल्या निम्म्या जणांकडे पेन नसायचं. तू देत राहायचास. परत कुणी केलेलं मी पाहिलं नाही.

तुझा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुला ओळखतही नव्हते. नव्या ट्रेनीला भेटायला स्टाफरूममध्ये आले होते. तू त्या बिचाऱ्याला सांगत होतास, "माझ्या वर्गात कुठल्याही मुलाला साक्षीला बोलवायचं नाही. पार्टिशन शिकवतोयस म्हणून खानकडे बघायचं नाही. गुलामगिरी शिकवतोयस म्हणून क्वामेकडे बघायचं नाही. त्यांचा धडा त्यांच्या तोंडावर लिहिलेला नसतो." मग माझ्याकडे वळून, गळ्यातल्या कार्डावर माझं आडनाव वाचून, एकदम मराठीत: "आणि तुम्ही युनिव्हर्सिटीतून येऊन राहिल्या का? बसा. चहा थंड झाली आहे, पण आहे." सहाव्या वर्षी नागपूरहून कॉव्हेंट्रीला आलेल्या मुलाची मराठी तू जशीच्या तशी जपली होतीस. तिला नवी लिंगं आणि नवे शब्द लागले नव्हते. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं ते कधी, ते आठवत नाही. बहुधा पहिल्या भांडणातच.

नियमामागची गोष्ट तू मला पार्किंगमध्ये सांगितलीस, पावसात, छत्री न उघडता. नऊ वर्षांचा असताना तुझ्या टीचरनी तुला वर्गापुढे उभं केलं: आम्हाला इंडियाबद्दल सांग. तुला इंडिया म्हणजे धंतोलीतल्या एका घराचा जिना आणि चुलतभावाची तीनचाकी एवढंच आठवत होतं. सगळे चेहरे वाट बघत होते. मग तू हत्ती काढलास. तुझे आजोबा हत्तीवर बसून ऑफिसला जातात. ते पोस्टात होते आणि सायकलनं जायचे. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वर्षभर तुला तो हत्ती पोसावा लागला: त्याचं नाव, त्याची आंघोळ, पोस्ट ऑफिसबाहेर तो कुठे उभा राहतो.

"मग काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"मारून टाकला. जूनमध्ये. झेपेनाच."

मी हसले होते. तू हसला नव्हतास.

म्हणून तू 'शेजारचं घर' काढलंस. तुझ्या वर्गात दर हिवाळ्यात प्रत्येक मुलानं आपल्या नात्यातल्या नसलेल्या एका माणसाला विचारायचं: तुम्ही या रस्त्यावर कसे आलात? आणि ते वर्गात असं सांगायचं, की त्या माणसानं ऐकलं तर मान डोलवावी. सोमाली मुलगा पोलिश बेकरीवाल्याचं सांगायचा, पंजाबी मुलगी होजिअरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या गोऱ्या आजीचं. ट्रेनींनाही सुटका नव्हती. पहिल्या आठवड्यात मुलं येतात त्या बसनं यायचं आणि कुणा अनोळखी माणसाचं घर घेऊन यायचं. एकजण मोबाइलच्या दुकानदाराचा सगळा जीवनप्रवास आणि नको असलेलं एक कव्हर घेऊन आला होता.

मला हे आवडायचं, आणि पटायचं नाही. मी तुला दहादा सांगितलं, आणि आता परत सांगते, कारण तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस. माझी मुलगी लंडनच्या इल्फर्डमधल्या शाळेत शिकली. भल्या टीचर होत्या. कुणी तिला कधी काही विचारलं नाही. न विचारण्याचा त्यांना अभिमान होता. सोळाव्या वर्षी ती मला म्हणाली, "आई, शाळेत मी सगळ्यांची हिस्टरी केली. ट्यूडर राजे दोनदा." हत्ती सांगावा लागणं वाईट, कबूल. पण उभंच न करणं? तू म्हणायचास, "तिला सांगायचं असेल तर ती हात वर करेल." मी म्हणायचे, "कुणी विचारत नाही तिथे हात वर होत नाही, श्री." तू बिस्किट चहात बुडवायचास, ते तुटून खाली जायचं, आणि तू चमच्यानं ते शोधत बसायचास. हा तुझा युक्तिवाद असायचा.

आणि मग हॅनाचा तास.

हॅना लिंकनशरच्या शेतावरून आलेली, हुशार, घाबरट. या वर्षीची सगळ्यात चांगली ट्रेनी, यावर तुझं-माझं एकमत होतं, म्हणजे ती खरंच चांगली असणार. विषय होता १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले आणि लेस्टरला येऊन वसलेले आशियाई. मागे मी आणि डीन, कोपऱ्यात कॅमेरा. ट्रेनिंगसाठी चांगले तास चित्रित करायचे अशी डीनची योजना होती, आणि पालकांच्या परवानग्या वगैरे सगळं रीतसर. तू नेहमीप्रमाणे मागे न बसता खिडकीजवळच्या त्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मुलांमध्ये.

अर्ध्या तासानंतर हॅनानं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "रिया, तुझ्या घरी कुणाला हे आठवतं का?"

रिया पटेल. हॅनानं आडनाव पाहिलं होतं.

रियानं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि सांगायला लागली. ग्रँडडॅडचं कंपालात दुकान होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर हिरवं रंगवलं. शेजारी म्हणाले, वेडा झालास का, उद्या हे तुझं नसणार. तर म्हणाले, रंग आणून ठेवलाय, वाया कशाला घालवू? मग ब्रश धुऊन ठेवला आणि गेले.

शेवटच्या बाकावरच्या मुलांनीसुद्धा खुर्च्या झुलवणं थांबवलं. हॅनाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते तू पाहिलंस. कॉरिडॉरमध्ये डीन म्हणाले, "पॉवरफुल." ते हा शब्द जपून वापरतात, वर्षातून फार तर पाच-सहा वेळा.

पार्किंगमध्ये तू मला गाठलंस. "ती पोरगी दमणची आहे."

"म्हणजे?"

"दमण. पोर्तुगीज पासपोर्ट. आईबाप तिला घेऊन लिस्बनला गेले, तिथून इथे आले. आईच पेरेंट्स इव्हनिंगला सांगून गेली मला. युगांडा त्यांनी नकाशातसुद्धा बघितला नाही." मग जरा थांबून: "हत्ती आहे तो, प्रोफेसर."

तू म्हणालास, हॅनाला आजच सांगू या. मी म्हणाले, थांब. तिचं फायनल असेसमेंट तोंडावर आहे, ती कोसळेल. आणि वर्ग काहीतरी शिकला ना? तू म्हणालास, काय शिकला? मी म्हणाले, की माणूस घर सोडताना असं वागतो. तू म्हणालास, कुठला माणूस? मी म्हणाले, तुला तुझ्या नियमापुढे काही दिसत नाही. तू म्हणालास, तुला तुझ्या लांब नावापुढे. आपले आवाज इतके चढले की केअरटेकर गेट बंद करायचा थांबला.

"सोमवारी बोलू," तू म्हणालास.

सोमवारी तू नव्हतास.

हे सगळं मी इथवर चिडून लिहिलंय, ते मला दिसतंय. एवढं चिडायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही, हेही दिसतंय. युनिव्हर्सिटीत लोक असहमतसुद्धा 'बिल्डिंग ऑन दॅट' म्हणून होतात. तू सरळ "नाही" म्हणायचास. त्या 'नाही'वर माझी निम्मी लेक्चर्स उभी आहेत. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते पुढच्या भांडणात वापरलं असतंस.

फ्यूनरलनंतरच्या आठवड्यात डीनचं ईमेल आलं. नव्या मेंटॉरांच्या ट्रेनिंगच्या दिवशी हॅनाचा चित्रित तास दाखवायचा. तुझ्या स्मरणार्थ. खाली तुझा फोटो, ज्यात तू टाय घातलाय आणि त्याबद्दल नाराज आहेस. प्रस्तावना मी करायची.

मी हसले, मग उठून घरभर फिरले. तुझ्या नियमाविरुद्ध घेतलेला तास तुझा वारसा म्हणून दाखवायचा, आणि टाळ्या मी सुरू करायच्या! गप्प बसले तर कुणालाही कळणार नव्हतं. हॅना पास होणार, डीन खूश, तू अमर. बोलले तर एका चांगल्या मुलीचं वर्ष ऐन शेवटी हातातून जायचं. शिक्षक होता होता सोडून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. एकदा वर्गाची भीती बसली की ती परत येत नाहीत. तू असतास तर मी म्हणाले असते, तू सांग, तुझा हट्ट आहे. तू ही सोयही ठेवली नाहीस.

शाळेत गेले. तुझ्या वर्गात हॅनाच शिकवत होती. खिडकीजवळची निळी खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर पेनांचा ढीग. निळी, काळी, टोकं चावलेली, टोपणं नसलेली. कुणी ठरवलं नव्हतं म्हणे. एकानं ठेवलं, मग सगळ्यांनी.

तास संपल्यावर रिया रेंगाळली. इंग्रजीतच बोलली, ते लेस्टरचं, घाईतलं.

"मिस, तुम्ही सरांच्या फ्रेंड ना? पार्किंगमध्ये ओरडायच्या त्या?"

"हो, तीच."

"सरांनी तुम्हाला सांगितलं का? माझ्या ग्रँडडॅडचं?"

मी म्हणाले, सांगितलं. तिनं बॅगेचा पट्टा पिळला. मग जे म्हणाली ते ऐकून मी पेनांच्या ढिगाशेजारच्या टेबलावरच बसले. तू शुक्रवारी, आपलं भांडण झाल्यावर, बाहेरच्या बसस्टॉपवर तिला गाठलं होतंस. रागावला नाहीस. तिला हत्ती सांगितलास. सगळा, जूनपर्यंत. आणि मग विचारलंस, "शटर कुणाचं आहे?"

श्री, हा प्रश्न मला सुचला नव्हता. तू 'हत्ती' म्हणालास, मी 'खोटं' ऐकलं.

"समोरच्या बाचं," रिया म्हणाली. समोरच्या घरातली म्हातारी गुजराती बाई, जिला सगळी गल्ली बा म्हणते. रिया तिची कामं करते, दूध, औषधं. बानं तिला शटरची गोष्ट सांगितलेली. "सर म्हणाले, बाला जाऊन विचार, तू ती सांगितलेली चालली का. मी गेले. बा म्हणाली, चालली, पण चुकीची सांगितलीस. शटर निळं होतं. आणि ग्रँडडॅड-बिँडडॅडनं नाही, मी रंगवलं. माझा नवरा कागदांच्या रांगेत उभा होता."

"मग तू ग्रँडडॅड का केलंस?"

"मिसनी घरचं विचारलं ना. बा घरची नाही." मग खांदे उडवून: "सरांना सोमवारी सांगणार होते."

तिचाही सोमवार, बघ.

त्याच दुपारी मी हॅनाला सांगितलं. रिकाम्या वर्गात, दोन छोट्या बाकांवर बसून. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. मी माझं तयार केलेलं वाक्य बोलायला घेतलं, 'चुकांतून आपण', आणि तिनं हात वर करून थांबवलं.

"मेंटॉर म्हणून मिस्टर देवधर म्हणाले होते, विचारू नकोस. तुमचं मॉड्यूल म्हणतं, मुलांचा वारसा वर्गात आणा." ती अगदी सभ्यपणे बोलत होती. "त्या दिवशी मागे तुम्ही बसला होता."

तुला किती मजा आली असती.

मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "पण मग शटर खरंच कुणी रंगवलं?"

मी सांगितलं. ती उठून फळ्यापाशी गेली, उगाच पुसलेला फळा परत पुसला, आणि म्हणाली, "निळं. बाईनं रंगवलेलं. मग आख्खी गोष्टच वेगळी आहे." तिथे माझा जीव भांड्यात पडला, श्री. आपल्या फजितीपेक्षा जिला शटरचा रंग महत्त्वाचा वाटला, ती शिक्षक होणार. माझ्या असेसमेंटच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.

पुढच्या तासाला तिनं वर्गाला सरळ सांगितलं, "मी रियाला चुकीचा प्रश्न विचारला. ती कुठून आली ते मी स्वतःच ठरवून टाकलं होतं." वर्गात खुसखुस झाली, कुणीतरी "बर्न", म्हणजे 'जिरली', म्हणालं. मग रिया उभी राहिली. बाला विचारून आली होती. शटर निळं केलं, ब्रश बाच्या हातात दिला. या वेळी कुणी रडलं नाही. प्रश्न मात्र आले. नवरा रांगेत होता तर तिला भीती नाही वाटली? रंग कुठून आणला? दोन गोष्टींत लोक पहिलीवरच का विश्वास ठेवतात? शेवटचा प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. तुझ्या 'शेजारच्या घरा'चा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही, आणि कॅमेरा नव्हता.

डीनना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेवढा ग्रँडफादरचा भाग काढून दाखवता येईल का?" मी "नाही" म्हणाले. तुझ्यासारखं, पुढे काही न जोडता. त्यांना सवय नव्हती. मेंटॉरांच्या ट्रेनिंगला चित्रफीत दाखवायची नाही, मी उभं राहून दोन्ही तास सांगायचे, असं ठरलंय. हॅना म्हणाली, "माझं नाव घ्या. लपवलं तर परत तेच."

म्हणजे तू जिंकलास. मी हे पत्रात लिहून देते आहे, फ्रेम कर.

पण थांब.

तास संपला, मुलं बाहेर पडली, रिया दारात थांबली. एक पाय बाहेर. हॅनाकडे बघून म्हणाली, "मिस, बाचं दोनदा झालं. माझं कधी विचारणार?"

"तुझं?"

"दमण. लिस्बन. लिस्बनमध्ये मी वर्गात एकटीच होते, मला बोलायलाच यायचं नाही. कुणीच विचारलं नाही अजून. सरांनी पण नाही."

हॅनानं माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या खुर्चीकडे.

सरांनी पण नाही, श्री. तिनं हात वर केलेला नव्हता. दाराबाहेर एक पाय टाकून विचारलं. हेच मी इतकी वर्षं तुला चहाच्या टेबलावर सांगत होते, आणि तू बिस्किट शोधत होतास. आता बोल. मला खरंच ऐकायचंय, कारण तू काहीतरी म्हणाला असतास, आणि ते मला अजून सुचलेलं नाही. घरी येताना गाडीत मी मोठ्यानं म्हणाले, "बघ!" मग सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं माझ्याकडे बघितलं, आणि हिरवा झाला तरी मी निघाले नाही.

सोमवारचा शेवटचा तास रियाचा आहे. तिनं स्वतः मागितलाय. तुझ्या खुर्चीवरची पेनं मी एका डब्यात भरून ठेवणार आहे, म्हणजे ज्याला लागेल त्याला घेता येईल, आणि मागे न बसता तिथे बसणार आहे.

हत्ती आला, तर मी ओळखेन.